लाल क्रेटमधले एकवीस गिअर

ज्या सायकलवर मी भोसरीहून चाकणला कामाला जायचो ती माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. ती आमच्या साहेबांची होती. लॉकडाऊनमध्ये प्रत्येकाला काही ना काही झालं, तशी साहेबांना सायकल झाली. एकवीस गिअरची, जाड टायरची, डोंगरात चालवायची. साहेब ती घेऊन प्राधिकरण वसाहतीतल्या घरून निघाले, दोन चौक गेले, डोंगर अजून बराच लांब आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते परत आले. त्यानंतर ती सायकल त्यांच्या बाल्कनीत उभी राहिली आणि तिच्यावर टॉवेल वाळू लागले.

मी तेव्हा त्यांच्या हाताखाली क्वालिटी विभागात ट्रेनी इंजिनिअर होतो. आमची कंपनी गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणारा एक भाग बनवते. तो एवढा लहान आहे की मी वडिलांना तो दाखवला तेव्हा त्यांनी तळहातावर उलटासुलटा करून विचारलं, "येवढ्यासाठी येवढी मोठी कंपनी?" ट्रेनिंग एक वर्षाचं असतं. वर्ष भरलं की एका काचेच्या खोलीत बोलावतात. तिथून बाहेर येताना माणूस एकतर कायम झालेला असतो, नाहीतर मोकळा. दोन्हीची किल्ली साहेबांच्या सहीत होती. साहेबांना त्याची पूर्ण जाणीव होती, त्यामुळे ते आम्हा ट्रेनींशी फार प्रेमाने वागत. त्यांना तसं वागणं परवडत होतं.

कायम हा शब्द आमच्या घरात मोठा आहे. वडील आमच्या तालुक्यातल्या साखर कारखान्यात हंगामी कामगार. ऊस आला की काम, ऊस संपला की घरी. दर वर्षी गाळप सुरू व्हायच्या आधी कुणीतरी सांगायचं, यंदा हंगामी लोकांना कायम करणार आहेत. वडील त्या बातमीवर एक नवा शर्ट शिवायचे. घरात शर्ट पुष्कळ झाले. मी डिप्लोमा केला, मग डिग्री केली, आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून पेपरात माझा फोटो छापून आणायचा आईचा बेत मोठ्या कष्टाने हाणून पाडला. बाकीच्यांचे वडील फोनवर जेवलास का विचारतात. माझे विचारायचे, "झालास का रं कायम?"

"अजून नाही, आप्पा. दिवाळीनंतर."

"साहेब कसा हाय?"

"चांगला आहे."

"चांगलाच ऱ्हाऊ दे त्याला," वडील म्हणायचे. म्हणजे तू काही असं करू नकोस की तो बिघडेल.

कंपनीची बस होती. ती भोसरीहून वेळेवर निघायची आणि मोशीच्या पुढे जाऊन ध्यान लावून बसायची. एका सकाळी साहेबांनी मला गेटवर पकडलं.

"रोज उशीर कसा होतो रे तुला?"

"साहेब, बस ट्रॅफिकमध्ये अडकते."

"मग बसच्या आधी पोहोचत जा."

बसमध्ये बसून बसच्या आधी कसं पोहोचायचं, यावर मी प्रामाणिकपणे विचार करत उभा राहिलो. साहेबांना माझी दया आली असावी. म्हणाले, "सायकल चालवतोस का? माझी पडून आहे. घेऊन जा, वापर. फक्त माझा जावई जर्मनीहून आला की त्याला ती लागते. तेव्हा आहे तशी परत आणून द्यायची."

मी इतका भारावलो की 'आहे तशी' हे शब्द कानातून आत गेले आणि कुठेतरी मागच्या बाजूला जाऊन बसले. ज्याच्या वडिलांना अख्ख्या नोकरीत वरिष्ठांनी साधी खुर्ची दिली नाही, त्याला साहेब सायकल देत होते. मी संध्याकाळी जाऊन ती आणली. साहेबांच्या मिसेसनी टॉवेल काढताना जरा नाराजी दाखवली, पण माणसं मोठ्या मनाची.

भोसरीत मी एका खोलीत भाड्याने राहायचो. सोबत एकच जण, आमच्याच मराठवाड्यातला, नांदेडकडचा. तो दुसऱ्या एका कंपनीत तपासणीवर होता. दिवसभर पट्ट्यावरून येणारा माल बघायचा, चांगला तो पुढे सोडायचा, वाईट तो लाल क्रेटमध्ये टाकायचा, आणि शिफ्ट संपली की लाल क्रेट भंगारात रिकामा करायचा. हे काम तो इतक्या निष्ठेने करायचा की सुट्टीच्या दिवशी भाजी निवडतानाही किडकी मेथी वेगळी टाकून तिची मोजदाद करायचा. सायकल बघून तो खूश झाला.

"एकवीस गिअर? येवढे कशाला लागायलेत?"

"चढाला वेगळा, उताराला वेगळा, सपाटीला वेगळा."

"आन् नाशिक रोडला?"

भोसरीहून चाकणला जाणाऱ्या त्या नाशिक रोडला कुठला गिअर लागतो हे सायकल बनवणाऱ्या कंपनीलाही माहीत नसावं. त्या रस्त्यावर डंपरमधून पडलेली खडी असते, सिमेंटच्या मिक्सरमधून सांडलेला रबडा असतो, आणि हे दोन्ही नसलं तर तिथे खड्डा असतो. मागच्या चाकाजवळ लोंबणारा तो गिअर बदलणारा हात, ज्याला डिरेलर म्हणतात, तो आठवड्याभरात चिखलाने भरला. चेन आपल्या मर्जीने उड्या मारू लागली. मी पुलाच्या चढावर जोर लावला की खटकन आवाज यायचा, पाय हवेत जायचा आणि मागचा रिक्षावाला माझ्या आईची विचारपूस करायचा. पावसाळा लागल्यावर तर मी दर रविवारी भोसरीतल्या सायकलवाल्याकडे हजेरी लावू लागलो. तो तार ताणून द्यायचा, मंगळवारी ती परत सैल. शेवटी माझ्या लक्षात आलं की मी एकच गिअर वापरतोय, मधला, कारण तेवढा एकच जागेवर राहतो.

हे मी खोलीवर सांगितलं तेव्हा रूममेट पोळी लाटत होता. मान वर न करता म्हणाला, "मग बाकीचे वीस कशाला वाहून न्यायलास? त्यांना काय चाकण बघायचंय?"

आता हे वाक्य दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण मी क्वालिटीचा माणूस. जे वापरात नाही ते काढून टाका, अशी पाटी आमच्या मशिन शॉपमध्ये मीच लावली होती. त्या पाटीखाली उभा राहून मी ऑपरेटर लोकांना दर सोमवारी व्याख्यान द्यायचो आणि ते बिचारे जांभया दाबून ऐकायचे. मला एकदम वाटलं की हे सगळं ज्ञान आपण कंपनीतच सोडून येतो, घरी काही वापरत नाही. इतक्या शिक्षणाचा उपयोग काय?

गणपतीच्या सुट्टीत मी सायकल घेऊन त्या सायकलवाल्याकडे गेलो आणि सांगितलं, गिअर काढायचेत.

तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "बसवायला येत्यात लोकं. काढायला तू पहिलाच. घरी काय भांडण झालं का?"

त्याने मागच्या चाकावरची सात चक्रांची थप्पी काढली आणि साध्या सायकलचं अठरा दातांचं एकच चक्र बसवलं. पुढच्या तीन चक्रांपैकी मधलं चौतीस दातांचं ठेवलं, बाकीची उतरवली. हँडलवरची गिअरची बटणं काढली, तारा ओढून काढल्या, चेन तोडून आखूड केली. मग एक अडचण आली. त्या सायकलचं मागचं चाक मागेपुढे सरकवायला जागाच नसते, त्यामुळे चेन ताणली जाईना, ती पोटाखाली लोंबायला लागली. सायकलवाला म्हणाला, "आता काय, सुतळी बांध." त्याच्या दृष्टीने काम झालं होतं. मी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून नायलॉनची छोटी फिरकी लेथवर काढून घेतली, तिच्यात बेअरिंग बसवलं आणि एका लोखंडी पट्टीवर ती चढवून, जिथे डिरेलर होता त्याच भोकात अशी लावली की ती चेनला खालून दाबून धरेल. पहिली फिरकी दोन दिवसांत निसटली. दुसरी टिकली.

राहिलेलं सामान मी फेकलं नाही, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. साहेबांनी आहे तशी मागितली होती. माझा हिशोब सरळ होता: जावई यायचे ठरले की एक संध्याकाळ बसायचं आणि सगळं परत चढवायचं. म्हणून डिरेलर, चक्रं, बटणं, तारा, अगदी चेनचा तुटलेला तुकडासुद्धा रॉकेलने पुसून घेतला. ठेवायला काही मिळतंय का म्हणून घरमालकिणीला विचारलं. त्या जुन्या भोसरीतल्या, घरची शेती मोशीच्या बाजूला. जिन्याखाली रिकामे क्रेट पडलेले असायचे.

"घे की," त्या म्हणाल्या. "टमाट्याचं हाय. निळं न्हाई ऱ्हायलं, तांबडंच हाय."

तांबडं तर तांबडं. मी सगळं त्या लाल क्रेटमध्ये रचलं, वर एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत 'हात लावू नये' असं लिहिलं आणि क्रेट कॉटखाली सरकवला. समजदार वाचकांच्या मनात इथे जे आलं असेल ते माझ्या मनात आलं नाही. मी इंजिनिअर आहे.

त्यानंतरचे दिवस मात्र खरोखर चांगले गेले. गिअर काढल्यावर सायकलचा आवाज बंद झाला. आधी ती रस्ताभर कुरकुरत यायची, आता फक्त टायरचा आवाज. चढ आला की बटण शोधायचं नाही, सीटवरून उठायचं आणि उभं राहून पाय मारायचे. उतार आला की पाय थांबवायचे. एवढेच दोन नियम, आणि दोन्ही मला तालुक्याला शाळेत जाताना पाठ झालेले. मोशीच्या पुढे कंपनीची बस ध्यान लावून उभी असायची, मी तिच्या कडेने निघायचो. खिडकीतून आमच्या लाइनची माणसं ओरडायची, "ओ इंजिनिअर, गिअर पडले वाटतं तुमचे!" मी हात करायचो. गेटवर मी आधी, बस नंतर. साहेबांनी सांगितलं होतं तसं मी अखेर बसच्या आधी पोहोचू लागलो होतो. रविवारी मी चाकणच्या पुढे, एमआयडीसी संपते तिथल्या डोंगरावर जायचो. टॉवरकडे जाणारी मुरमाची वाट आहे. अर्धी चढायचो, अर्धी ढकलायचो, वर जाऊन शेडच्या निळ्या छपरांकडे बघत केळी खायचो. आयुष्यात पहिल्यांदाच विनाकारण कुठेतरी जात होतो. घरी सांगितलं असतं तर आईने ताप आहे का विचारलं असतं.

खंडेनवमीला भोसरीत सगळी यंत्रं बंद. शेडशेडमध्ये लेथ धुऊन पुसून, हळदीकुंकू लावून, हार घालून उभ्या असतात. मी त्या दिवशी कंपनीतल्या पूजेच्या तयारीला गेलो होतो. परत आलो तर रूममेटने खोली आरशासारखी केली होती. फरशी धुतलेली, मिक्सरला कुंकू, इस्त्रीला कुंकू, आणि सायकलच्या हँडलला झेंडूचा भलामोठा हार. मला अगदी गहिवरून आलं. मी त्याला म्हटलं, "भावा, माझ्या सायकललापण?"

"मग? तीबी यंत्रच हाय की," तो म्हणाला.

दिवाळीच्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. आवाजात सणाची गोडी होती. "अरे, जावई आलेत. रविवारी डोंगरात जायचं म्हणतायत. सकाळी सायकल घेऊन ये घरी. आणि तुझं कन्फर्मेशन पुढच्याच आठवड्यात ठेवलंय बरं का."

दोन वाक्यं लागोपाठ. त्यांच्या मनात काही संबंध नसेल. माझ्या मनात एवढा घट्ट संबंध लागला की मी फोन ठेवून सरळ कॉटखाली वाकलो. कॉटखाली स्वच्छ फरशी होती.

"इथला क्रेट कुठाय?"

रूममेट चिवडा खात होता. "कोणचा?"

"लाल."

"तो मी रिकामा केला की. नवमीला. भंगारवाल्याला देऊन टाकलं."

मी खाली बसलो. "त्यात गिअर होते."

"माहीत हाय. काढलेले."

"अरे, ते परत बसवायचे होते!"

त्याने चिवड्याची वाटी बाजूला ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता, खरं आश्चर्य होतं. "परत बसवायचे होते तर लाल क्रेटमध्ये कशाला ठेवलास राव? लाल क्रेटमधला माल कुणी परत बसवतंय का? आन् वर तू स्वतः लिवलं होतंस, हात लावू नये. आमच्याकडं रिजेक्ट मालावर हेच लिवलेलं असतंय. मला वाटलं, बघा, किती शिस्तीचा माणूस हाय. घरीसुदिक सिस्टीम पाळायलाय."

मी त्याला काय बोलणार होतो? लाल क्रेट म्हणजे नाकारलेला माल, त्याबद्दल कुणाला विचारत बसायचं नाही, थेट बाहेर काढायचा, हे मी दर सोमवारी पन्नास माणसांना शिकवतो. वर्षभरात माझं शिकवणं मनावर घेतलेला हा पहिला माणूस, आणि तो नेमका माझ्याच खोलीत निघाला.

"आन् पैसे मी खाल्ले न्हाईत," तो जरा दुखावून म्हणाला. "त्याच पैशातून हार आणले. तुझ्या सायकललाबी घातला की!"

म्हणजे मी ज्या हाराने गहिवरलो होतो तो डिरेलर विकून आणलेला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भंगारवाल्याकडे गेलो. तो हसला आणि मागच्या गोदामाकडे बोट करून म्हणाला, शोधा. तिथे पत्र्याचा, कापलेल्या पट्ट्यांचा आणि वाकलेल्या खुर्च्यांचा एक डोंगर होता. साहेबांच्या जावयांना डोंगरच हवा असता तर हाही चालला असता. आम्हाला एक पेडल सापडलं, ते दुसऱ्याच सायकलचं होतं. नवीन गिअर घ्यावेत म्हणून सायकलवाल्याकडे गेलो, तर त्याच्या शटरवर कागद: दिवाळीनिमित्त गावी. पिंपरीच्या दुकानात म्हणाले, या मॉडेलचा माल मागवावा लागेल, पाडव्यानंतर या. रूममेटने सुचवलं की साहेबांना सांग, चोरी झाली. मी विचारलं, फक्त गिअर? तो म्हणाला, "चोराला परवडंल तेवढंच नेतो."

शेवटी मी खरं सांगायचं ठरवलं आणि ते नीट सांगता यावं म्हणून कंपनीत शिकवतात त्या पद्धतीने तयारी केली. अडचण काय, तात्पुरता उपाय काय, मूळ कारण काय. का, का, का असं पाच वेळा विचारत मूळ कारणापर्यंत जायचं असतं. मी पाचव्या 'का'ला टोमॅटोपाशी पोहोचलो आणि सोडून दिलं.

रविवारी सकाळी साहेबांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा राहिलो. सायकल इतकी घासली होती की तिच्यात माझा पडलेला चेहरा दिसत होता. साहेब ट्रॅकसूट घालून खाली आले. सायकलभोवती एक फेरी मारली. मग उलटी फेरी मारली.

"हे काय आहे?"

"साहेब, ते गिअर..."

"कुठायत?"

"साहेब, अडचण अशी की, तात्पुरता उपाय म्हणून..."

"अरे, मी तुला आहे तशी म्हटलं होतं ना? तुझ्याकडे एक सायकल नीट राहत नाही, उद्या तुझ्या हातात लाइन कशी द्यायची मी?"

लाइन म्हणजे अर्थात कायम. मला घरातले ते सगळे शर्ट एका दोरीवर वाळताना दिसले. तेवढ्यात लिफ्टमधून जावई आले. हेल्मेट, हातमोजे, डोंगरात हरवलं तरी लांबून दिसेल असा पिवळा शर्ट. सायकल बघून ते जागीच थांबले.

"ओहो! सिंगलस्पीड!" ते खाली वाकले, चेन बघितली, माझी नायलॉनची फिरकी बोटाने फिरवून बघितली. "बाबा, ही तुम्ही सिंगलस्पीड करून घेतलीत? अहो, आमच्याकडे लोक मुद्दाम असं करून घेतात. खरे डोंगरात जाणारे असतात ना, ते. मला वाटलं नव्हतं इथे कुणाला हे कळत असेल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग सायकलकडे. मोठा माणूस मोठा का होतो ते मला त्या क्षणी कळलं. लाल चेहरा निवळायला त्यांना जेमतेम एक श्वास लागला.

"हो मग," ते म्हणाले. "मीच याला म्हटलं, जरा सोपी कर. इतके पार्ट हवेत कशाला? जितके पार्ट कमी तितका बिघाड कमी."

"रेशो काय ठेवलाय?" जावयांनी त्यांना विचारलं.

साहेबांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मला पुढच्या आठवड्यातली काचेची खोली स्पष्ट दिसली.

"चौतीस-अठरा," मी म्हणालो. "साहेबांनीच तेवढा ठेवायला सांगितला होता."

"परफेक्ट," जावई म्हणाले.

"बघ," साहेब मला म्हणाले, जणू वर्षभर आमचा यावरच वाद चालला होता.

जावई सायकलवर निघाले. मी साहेबांच्या गाडीत, पाण्याच्या बाटल्या आणि केळी मांडीवर घेऊन. साहेबांच्या शेजारच्या सीटवर बसायची माझी पहिलीच वेळ. मोशी आल्यावर ते म्हणाले, "मला आधी सांगायला हवं होतंस."

"हो साहेब."

"सांगितलं असतंस तर मी नको म्हटलं असतं."

"हो साहेब."

"म्हणजे बरंच झालं नाही सांगितलंस." इंद्रायणीचा पूल आला. "पण सांगायला हवं होतंस."

"हो साहेब."

डोंगराच्या पायथ्याला आम्ही गाडीत बसून राहिलो. जावई टॉवरची वाट चढले, अर्धी चालवत, अर्धी ढकलत, आणि घामाने निथळत, हसत खाली आले. केळं सोलत त्यांनी आम्हाला या सगळ्याचा अर्थ समजावून सांगितला. गिअर नसला की मन शांत होतं म्हणे. चढ आहे तसा स्वीकारायचा. जमला तर चढायचा, नाही जमला तर उतरून ढकलायचं. तिकडे याला एक विचारसरणी मानतात. मी मान डोलावली. आमच्या तालुक्यात दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे या विचारसरणीचे होते, आम्हाला त्यांच्याबद्दल उगीच वाईट वाटायचं.

"मी दर वर्षी हीच चालवणार," जावई म्हणाले. "बाबा, हिला पुन्हा गिअर लावू नका हं."

"छे छे," साहेब म्हणाले. "आणि आता ती घरीच राहील. कुणाकडे द्यायची नाही."

मी बाटल्या गोळा केल्या. केळ्यांच्या साली पिशवीत भरल्या. परतीच्या वाटेवर मोशीला उतरलो आणि सहा आसनी रिक्षाने खोलीवर आलो.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी मासिक बैठकीत 'कमी भाग, कमी बिघाड' यावर भाषण दिलं. पडद्यावर सायकलचे दोन फोटो: आधी आणि नंतर. स्लाइड मीच तयार केली होती, कारण आधीचा फोटो फक्त माझ्याकडे होता. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आणि खोटं कशाला बोलू, मनापासून वाजवल्या. काम चांगलंच झालं होतं. मग काचेच्या खोलीत एचआरच्या मॅडमनी मला विचारलं, "वर्षभरातलं तुमचं सर्वात महत्त्वाचं काम कोणतं?"

मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "याचं विशेष म्हणजे, याला सांगितलं की हा करतो."

मॅडमनी लिहून घेतलं. साहेबांनी सही केली.

मी गेटबाहेर येऊन घरी फोन लावला. "आप्पा, झालो."

वडिलांनी विचारलं, "म्हंजे आता सीझन संपला तरी काम ऱ्हाणार?"

"हो."

"बारा महिने?"

"बारा महिने, आप्पा."

"आन् मग घरी कवा येणार?"

त्यांच्या हिशोबात काम सुटलं की माणूस घरी येतो. काम सुटलंच नाही तर काय होतं, हे आमच्या घरात अजून कुणाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "संक्रांतीला बघतो." मग त्यांनी सायकलचं विचारलं. परत दिली म्हणून सांगितलं. "ब्येस केलंस," ते म्हणाले. "मोठ्या माणसाची वस्तू."

बस पुन्हा सुरू झाली. मोशीच्या पुढे आम्ही सगळे मिळून झोपतो. कायम झाल्यावरच्या पहिल्या पगारातून साधी, काळी, दूधवाल्याची असते तशी सायकल घ्यायचं माझ्या मनात आहे. तिला मुळात गिअर नाहीत, त्यामुळे काढायला काही नाही, आणि ती कुठल्याही जावयाला आवडणार नाही याची मी दुकानात उभा राहून खात्री करून घेतली आहे.

कायम झालो की साहेबांच्या घरी पेढे द्यायला जायची पद्धत आहे. मी वडिलांनी पाठवलेला शर्ट घालून गेलो. जावई केव्हाच परत गेले होते. साहेबांच्या मिसेसनी चहा दिला आणि बाल्कनीचं दार उघडं होतं म्हणून माझी नजर तिकडे गेली. सायकल जुन्या जागी उभी होती. सीटवर एक टॉवेल, हँडलवर दोन.

त्यांनी माझी नजर पाहिली आणि हसल्या. "ते हँडलवरचं बटण-बिटण काढलंत ना, फार बरं झालं बाई. आधी टॉवेल अडकून दोरे निघायचे. कुणाच्या डोक्यातून आलं हे?"

साहेब समोरच पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं नाही.

"साहेबांच्याच," मी म्हणालो.